स्थूलता आणि मधुमेह यांच्या जनुकीय संशोधनावर कितपत विसंबावे?

प्रश्न असा आला आहे : "माझे वय ३८, उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन ७१ किलो आहे. लाळेच्या नमुन्यावरून होणारी जनुकीय चाचणी मी करून घेतली. ‘एफटीओ’ जनुकामुळे लठ्ठपणाचा धोका जास्त आणि ‘टीसीएफ७एल२’ जनुकामुळे मधुमेहाचा धोका मध्यम, असे अहवालात लिहिले असून त्यानुसार कमी कर्बोदकांचा आहार सुचवला आहे. वडिलांना ४४व्या वर्षी मधुमेह निघाला, त्यांच्या आईलाही होता. धाकटा भाऊ अगदी सडपातळ असूनही त्याला २६व्या वर्षी मधुमेह निघाला आणि गेली नऊ वर्षे तो इन्शुलिन घेतो. या संशोधनावर कितपत विश्वास ठेवावा? माझ्या नऊ वर्षांच्या मुलाचीही चाचणी करावी का?"

आपला अहवाल ज्या संशोधनाच्या आधारावर उभा आहे ते संशोधन खोटे नाही, हे आधी स्पष्ट करतो. ‘जनुकांचे हे सगळे थोतांड आहे’ असे सांगणारेही आपल्याला भेटतील आणि त्यांचे म्हणणेही बरोबर नसेल. मात्र लाखो माणसांच्या समूहाबद्दल जे खात्रीने सांगता येते, ते एका माणसाबद्दल तेवढ्याच खात्रीने सांगता येत नाही. आपल्या अहवालात नेमकी हीच गल्लत झाली आहे. गेली सव्वीस वर्षे मी मधुमेहाचे रुग्ण तपासतो आहे आणि अलीकडे असे रंगीत अहवाल घेऊन येणाऱ्यांची संख्या बरीच वाढली आहे. माणसे काळजीपोटी पैसे खर्च करून ही चाचणी करतात, म्हणून त्यांना नीट उत्तर मिळायला हवे असे मला मनापासून वाटते. आपल्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची माहिती मात्र त्या अहवालात नाही. ती भावाबद्दलच्या एका वाक्यात आहे आणि तिच्याकडे मी शेवटी सविस्तर येणार आहे.

या क्षेत्राची सुरुवात विश्वासार्ह नव्हती, हे मान्य करायलाच हवे. १९९०च्या दशकात संशोधक शरीरशास्त्राच्या आधारे एखाद्या जनुकावर संशय घेत, दोन-चारशे मधुमेही आणि तेवढेच निरोगी लोक जमवत आणि त्या जनुकातला एखादा बदल एका गटात जास्त आढळतो का ते पाहत. फरक दिसला की निबंध प्रसिद्ध होई, फरक दिसला नाही की वही कपाटात जाई. २००० साली डेव्हिड आल्टशुलर आणि सहकाऱ्यांनी टाइप २ मधुमेह (सर्वांत जास्त आढळणारा, बहुधा प्रौढपणी होणारा प्रकार) व त्याच्याशी निगडित लक्षणे यांच्याशी जोडले गेलेले असे १६ प्रसिद्ध संबंध तीन हजारांहून अधिक व्यक्तींमध्ये पुन्हा तपासले, तेव्हा त्यांतला फक्त एक टिकला. तो ‘पीपीएआरजी’ या जनुकातला बदल होता आणि त्याच्या धोकादायक रूपामुळे वाढणारा धोकाही जेमतेम सव्वापट होता. सोळांपैकी पंधरा गळाले याचा अर्थ त्या पंधरा संशोधकांनी लबाडी केली असा नाही. जेव्हा खरा परिणाम सव्वापटीइतका बारीक असतो, तेव्हा तीनशे माणसांत तो दिसणेच कठीण असते. एवढ्या थोड्या माणसांत डोळ्यांत भरण्यासारखे जे काही दिसते, ते बहुधा योगायोगानेच दिसलेले असते.

योगायोगापेक्षाही फसवी असते ती वंशांची सरमिसळ. अमेरिकेतल्या अॅरिझोनामध्ये हीला नदीकाठी राहणाऱ्या पिमा लोकांत मधुमेहाचे प्रमाण फार मोठे आहे. तिथल्या सुमारे पाच हजार लोकांच्या अभ्यासात रक्तातल्या प्रतिपिंडांशी संबंधित ‘जीएम’ नावाची एक जनुकीय खूण ज्यांच्यात आहे, त्यांना मधुमेह खूपच कमी होतो असे दिसले. वरवर पाहता मधुमेहापासून वाचवणारे जनुक सापडले होते. पण विल्यम नोलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली त्याच लोकांची त्यांच्या मूळ अमेरिकी पूर्वजांच्या प्रमाणानुसार विभागणी करून पुन्हा मोजणी केली, तेव्हा तो संबंध जवळजवळ नाहीसा झाला. ती खूण युरोपीय पूर्वजांकडून आलेली होती. ज्यांच्या घराण्यात युरोपीय पूर्वज होते त्यांना मधुमेह मुळातच कमी होता आणि ही खूणही त्यांच्यातच जास्त होती, एवढाच त्याचा अर्थ होता. आपल्याकडे हा धोका अधिकच आहे, कारण शतकानुशतके जातीतच लग्ने होत आल्यामुळे एकाच तालुक्यातल्या दोन समाजांची जनुकीय ठेवणसुद्धा निराळी असू शकते. रुग्ण एका समाजातले आणि निरोगी माणसे दुसऱ्या समाजातली, असा अभ्यास कोणी केला तर त्यात मधुमेहाचे जनुक ‘सापडणारच’, आणि ते प्रत्यक्षात मधुमेहाचे नसून जातीचे असेल.

२००७ च्या आसपास चित्र पालटले. एका संशयित जनुकावर भिस्त न ठेवता संपूर्ण जनुकसंचातल्या लाखो जागा एकाच वेळी तपासायच्या, योगायोगाची शक्यता दोन कोटींत एक याहून कमी असेल तरच संबंध मानायचा, वंशाच्या सरमिसळीसाठी गणिती दुरुस्ती करायची आणि वेगळ्याच लोकांमध्ये तेच पुन्हा दिसल्याशिवाय निष्कर्ष जाहीर करायचा नाही, अशी शिस्त या शाखेने स्वतःला लावून घेतली. माझ्या मते वैद्यकशास्त्राच्या फार थोड्या शाखांनी आपल्या चुकांवर एवढा कडक इलाज केला आहे. याच पद्धतीने टिमथी फ्रेलिंग आणि अँड्र्यू हॅटर्सली यांच्या गटाने २००७ साली एफटीओचा संबंध दाखवला. ते मधुमेहाचे जनुक शोधत होते. वजनाचा हिशेब धरल्यावर मधुमेहाशी असलेला संबंध नाहीसा झाला, म्हणजे ही जागा मुळात वजनाची आहे आणि मधुमेह वजनाच्या वाटेने येतो, हे त्यांच्या लक्षात आले. ३८,७५९ लोकांच्या तपासणीत, ज्यांच्याकडे या जागेची धोक्याची रूपे आई आणि वडील या दोघांकडून आलेली आहेत, त्यांचे वजन ती अजिबात नसलेल्यांपेक्षा सरासरी ३ किलोने जास्त आढळले. जगभर हा निष्कर्ष पुन्हा पुन्हा पडताळला गेला आहे. याच्या आदल्याच वर्षी ‘इन्सिग२’ नावाच्या जनुकाचा लठ्ठपणाशी संबंध एका नामांकित नियतकालिकात मोठ्या थाटाने प्रसिद्ध झाला होता. पुढच्या वर्षभरातच अनेक गटांना तो सापडेना. एक टिकला आणि एक टिकला नाही, यातला फरक पडताळणीचा आहे.

टीसीएफ७एल२ चे तर आपल्याशी थेट नाते आहे. आइसलँडमधल्या गटाने २००६ साली हे जनुक दाखवले आणि पुढच्याच वर्षी पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतले डॉ. गिरिराज चांडक यांच्या गटाने पुण्यातल्या रुग्णांमध्ये तोच संबंध ठळकपणे दाखवून दिला. उत्तर अटलांटिकातल्या एका बेटावर सापडलेली गोष्ट पुण्यात तशीच सापडते, तेव्हा ती खरी मानण्यास हरकत नसते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे २५ लाख माणसांचा समावेश होता, त्यांपैकी ४ लाख २८ हजार मधुमेही होते, आणि मधुमेहाशी संबंधित ६११ जागा तिच्यातून पुढे आल्या. म्हणून ‘या जागेचा आणि या आजाराचा संबंध खरा आहे का’ एवढाच प्रश्न असेल, तर आपल्या अहवालातल्या दोन्ही नावांबद्दल माझे उत्तर निःशंक होकारार्थी आहे.

पण संबंध खरा असणे आणि त्याचे कारण समजणे यांत अंतर असते. अशा अहवालांत ‘एफटीओ जनुक भूक वाढवते’ असे एखाद्या बिघडलेल्या यंत्राबद्दल लिहावे तसे ठासून लिहिलेले मी पुष्कळदा वाचले आहे. वस्तुस्थिती अशी की वजनाशी जोडलेले हे बदल एफटीओ जनुकाच्या आतल्या अशा भागात आहेत, जिथून प्रथिन तयार होतच नाही. २०१४ आणि २०१५ मधल्या संशोधनातून असे पुढे आले की हा भाग दुरून एखाद्या बटणासारखा काम करतो आणि शेजारच्या ‘आयआरएक्स३’ व ‘आयआरएक्स५’ या जनुकांचे काम कमी-जास्त करतो. चरबीच्या पेशींनी ऊर्जा साठवायची की उष्णतेच्या रूपाने खर्च करायची, यावर त्याचा परिणाम होतो. खुद्द एफटीओचाही यात काही वाटा आहे असे मानणारे संशोधक आहेत आणि हा वाद पूर्ण मिटलेला नाही. थोडक्यात, खून कोणत्या वाड्यात झाला हे नक्की झाले आहे, पण वाड्यातल्या कोणी केला याचा तपास चालू असताना दारावरच्या पाटीवरचे नाव घेऊन आरोप ठेवला जात आहे.

आता भारतीय शरीराचा मुद्दा घेतो, कारण माझ्या मते विश्वासार्हतेला सर्वांत मोठा धक्का इथेच बसतो. २०१९ साली मोजले गेले तेव्हा जगभरच्या अशा पाहण्यांमध्ये भाग घेतलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. त्यांच्यावरून बांधलेले आडाखे इतरांना लावले की त्यांची अचूकता घसरते. आफ्रिकी वंशाच्या लोकांत ती सर्वाधिक घसरते, दक्षिण आशियाई लोकांत त्यापेक्षा कमी, पण घसरते हे निश्चित. जनुकांच्या पलीकडचीही एक अडचण आहे, ती मोजपट्टीची. या पाहण्यांत लठ्ठपणा म्हणजे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन डॉक्टरांनी २००४ साली स्वतःचेच शेजारी शेजारी उभे राहून काढलेले छायाचित्र प्रसिद्ध केले होते. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. मधुमेहाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे छायाचित्र आम्ही आवर्जून दाखवतो. पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये १९९० च्या दशकात सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात हाच फरक जन्मतःच दिसला. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे सरासरी वजन साडेतीन किलो आणि या गावांतल्या बाळांचे २.७ किलो, तरीही आपल्या बाळांची त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती आणि कमतरता होती ती स्नायूंच्या बाजूने. पुढे याच मुलांचा पाठपुरावा करताना असेही दिसले की गरोदरपणी ज्या आईचे बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होते, तिच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला प्रतिरोध, म्हणजे शरीराने इन्शुलिनला नीट दाद न देणे, जास्त होता. घराण्यात मधुमेह चालत आला की आपण ‘रक्तातच आहे’ असे म्हणतो, पण घराण्यातून रक्ताबरोबर ताटही चालत येते आणि आईच्या पोटातले नऊ महिनेही.

एफटीओचेच उदाहरण पाहू. युरोपीय लोकांत त्याचा मधुमेहाशी संबंध पूर्णपणे वजनाच्या वाटेने येतो असे दिसले होते. पुण्यातल्या गटाने २००९ साली भारतीय रुग्णांमध्ये पाहिले, तेव्हा बीएमआयचा हिशेब धरूनही मधुमेहाशी असलेला संबंध काही प्रमाणात शिल्लक राहिला. याची कारणे दोन असू शकतात. एक तर आपल्यात या जागेचे काम थोडे निराळे आहे, किंवा आपल्या शरीरातली चरबी बीएमआयला नीट मोजताच येत नाही. मला दुसरे कारण अधिक पटते. याच्या नेमके उलट उदाहरण सामोआ बेटांवरचे आहे. तिथे २०१६ साली सापडलेला ‘क्रेब्रफ’ जनुकातला एक बदल वजन ठळकपणे वाढवतो, पण मधुमेहाचा धोका कमी करतो. स्थूलता आणि मधुमेह यांना एकाच तक्त्यात, एकाच लाल बाणाने दाखवणाऱ्या अहवालात हे बसवायचे कसे?

आता आपल्याबद्दल. आपल्याकडे एफटीओची धोक्याची दोन्ही रूपे आहेत असे धरले, तरी त्याचा अर्थ सरासरी ३ किलो एवढाच आहे. आपला बीएमआय २८.४ आहे आणि भारतीयांसाठी २५ च्या पुढे स्थूलता मानतात. तो २५ च्या खाली आणायला आपल्याला साधारण ९ किलो कमी करावे लागतील. म्हणजे सगळा दोष त्या जागेला दिला, तरी तिच्या खाती त्यातला तिसरा हिस्साच जातो. टीसीएफ७एल२ चे एक धोक्याचे रूप असल्यास मधुमेहाचा धोका साधारण १.४ पट होतो. शंभरांपैकी पंधरा जणांना मधुमेह होणार आहे अशा गटाची कल्पना करा. त्या गटातल्या प्रत्येकाकडे हे रूप असते, तर पंधराच्या जागी सुमारे वीस जणांना झाला असता. उरलेल्या ऐंशी जणांना हे जनुक असूनही मधुमेह झाला नसता. वडिलांना मधुमेह असणे आणि आपल्या कमरेचा घेर या दोन गोष्टी त्या जनुकापेक्षा आपल्याबद्दल जास्त सांगतात, आणि त्यांच्यासाठी लाळ कुठेही पाठवावी लागत नाही.

यावर आजकाल असे उत्तर दिले जाते की एकेका जनुकाचे राहू द्या, लाखो जागांची बेरीज करून गुणांक काढला की अंदाज नेमका येतो. त्यात तथ्य आहे, पण मर्यादित. २०१८ साली सुमारे ७ लाख लोकांच्या पाहणीतून वजनाशी संबंधित ९४१ जागा निघाल्या आणि त्या सगळ्यांनी मिळून बीएमआयमधल्या फरकाचा सुमारे ६ टक्के भाग उलगडला. पुढच्या वर्षी २१ लाख जागांची बेरीज करून काढलेल्या गुणांकात सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या दहा-दहा टक्के लोकांच्या वजनांत मध्यमवयात सरासरी १३ किलोंचा फरक दिसला. हा फरक मोठा आहे, तो मी कमी लेखत नाही. पण त्याच अभ्यासात सर्वाधिक गुणांक असलेल्यांपैकी सुमारे १७ टक्के लोकांचे वजन प्रमाणात होते, आणि हा सगळा अभ्यास प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांवरचा होता.

‘वजन सत्तर टक्के आनुवंशिक असते’ हे वाक्य आपण कुठे ना कुठे वाचले असेल. जुळ्यांच्या अभ्यासांतून असे आकडे खरोखरच आले आहेत. पण त्याचा अर्थ आपल्या ७१ किलोंपैकी पन्नास किलो जनुकांनी दिले असा होत नाही. एका ठरावीक समाजात, एका ठरावीक काळात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती भाग जनुकांच्या फरकाशी जुळतो, एवढेच तो आकडा सांगतो. काळ बदलला की आकडाही बदलतो. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या पिढ्यान्पिढ्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एफटीओचा वजनाशी संबंध १९४२ नंतर जन्मलेल्यांमध्ये दिसला आणि त्याआधी जन्मलेल्यांमध्ये दिसला नाही. जनुक आजोबांकडेही होते, पण वाढायला लागणारे अन्न आणि बैठी दिनचर्या नातवाच्या वाट्याला आली. पिमा लोकांचा उल्लेख मघाशी केला. त्यांचेच जनुकीय भाऊबंद सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगरात शेती आणि कष्टाची कामे करून राहतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत अॅरिझोनातल्या पिमांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ३८ टक्के होते आणि मेक्सिकोतल्या पिमांमध्ये ६.९ टक्के. धोक्याच्या जनुकांबद्दल रुग्णाला घरी गेल्यावर आठवेल असे एकच उदाहरण द्यायचे झाले, तर मी हे देतो.

आहाराच्या सल्ल्याबद्दल मला स्पष्ट बोलले पाहिजे. जनुकांनुसार कमी कर्बोदके किंवा कमी स्निग्धांश निवडावेत या कल्पनेची नीट चाचणी झालेली आहे. २०१८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात ६०९ प्रौढांवर वर्षभर झालेल्या प्रयोगात दोन्ही आहारांनी वजन जवळजवळ सारखेच, पाच-सहा किलोंनी, कमी झाले आणि जनुकांचा प्रकार ‘जुळणारा’ होता की नव्हता याने काहीही फरक पडला नाही. एफटीओपुरते बोलायचे तर आठ प्रयोगांतल्या ९,५६३ लोकांची माहिती २०१६ साली एकत्र तपासली गेली आणि धोक्याचे रूप असणाऱ्यांचे वजन आहार, व्यायाम वा औषधाने इतरांइतकेच कमी होते असे आढळले. अमेरिकेतल्या मधुमेह-प्रतिबंधाच्या मोठ्या प्रयोगात टीसीएफ७एल२ ची दोन्ही धोक्याची रूपे असणाऱ्यांना मधुमेह लवकर झाला खरा, पण ज्यांनी जीवनशैली बदलली त्यांच्यात हा जादा धोका दिसेनासा झाला. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या भारतीय प्रयोगात ५३१ जणांचा समावेश होता. जीवनशैलीतल्या बदलाने मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला आणि त्यासाठी कोणाचेही जनुक तपासावे लागले नाही. आपण भात आणि साखर कमी केली तर चांगलेच होईल. ते एफटीओमुळे मात्र नव्हे.

आता भावाबद्दल. मधुमेहाच्या जनुकशास्त्रात एक दालन असे आहे की जिथे धोका सव्वापट-दीडपट अशी भाषाच नसते. तिथे एकच जनुक बिघडलेले असते, तेच आजाराचे कारण असते आणि ते सापडले की औषध बदलते. काही वर्षांपूर्वी चोवीस वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली. पंधराव्या वर्षापासून ती इन्शुलिन घेत होती. पूर्वी जिथे तपासले होते तिथे टाइप १, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते तो प्रकार, असे निदान झाले होते. अंगाने बारीक, इन्शुलिनची मात्रा मात्र दिवसाला जेमतेम चौदा युनिट. आईला आणि आईच्या वडिलांनाही मधुमेह होता. त्या दिवशी तिची रक्तातली साखर १४० होती, तरी लघवीत बुडवलेल्या पट्टीचा रंग गडद झाला होता. माझे लक्ष वेधले ते त्या पट्टीने. एवढ्या साखरेला मूत्रपिंड सहसा साखर बाहेर सोडत नाही. सी-पेप्टाइड (शरीर स्वतःचे इन्शुलिन बनवताना रक्तात येणारा तुकडा) तपासले तर तिचे स्वादुपिंड नऊ वर्षांनंतरही स्वतःचे इन्शुलिन बनवत होते, आणि टाइप १ मध्ये आढळणारी प्रतिपिंडे नव्हती. ‘एचएनएफ१ए’ या जनुकाची अक्षरे ओळीने वाचून घेतली, तेव्हा त्यात दोष सापडला. या प्रकाराला ‘मोडी’ म्हणतात आणि सल्फोनिलयुरिया गटातल्या जुन्या, स्वस्त गोळ्या त्याला फार चांगल्या लागू पडतात. ग्लिक्लाझाइडची अर्धी गोळी सुरू करून आम्ही इन्शुलिन टप्प्याटप्प्याने कमी केले आणि सहा आठवड्यांत ते पूर्ण थांबले. तिच्या आईने रिकामे झालेले इन्शुलिनचे पेन कापडात गुंडाळून घरी नेले, टाकून दिले नाही.

जन्मानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह होणाऱ्या बाळांची गोष्ट याहून ठळक आहे. त्यांच्यापैकी अनेकांत ‘केसीएनजे११’ जनुकात दोष असतो, असे २००४ साली समजले. दोनच वर्षांनी ४९ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात ४४ जणांचे इन्शुलिन बंद होऊन ते गोळ्यांवर आले. आपल्या देशात अशा बाळांच्या तपासणीचे मोठे काम चेन्नईच्या मद्रास डायबेटीस रिसर्च फाउंडेशनमध्ये झाले आहे. स्थूलतेतही असे मोजके आजार आहेत. लेप्टिन हे संप्रेरक जन्मतःच बनत नसल्यामुळे जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांपासूनच अनावर भूक आणि वेगाने वाढणारे वजन दिसते, आणि १९९९ पासून आपल्याला माहीत आहे की लेप्टिनची इंजेक्शने दिली की ते वजन उतरते.

या दालनातही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ‘बीएलके’, ‘केएलएफ११’ आणि ‘पीएएक्स४’ ही तीन जनुके वर्षानुवर्षे मोडीच्या यादीत होती. २०२२ साली पुरावा नव्याने तपासला गेला तेव्हा ती मोडीच्या निदानात धरू नयेत असा निष्कर्ष निघाला. शिवाय युरोपीय नोंदींमध्ये दुर्मीळ म्हणून ‘संशयास्पद’ ठरवलेला एखादा बदल आपल्याकडच्या एखाद्या समाजात सर्रास आढळणारा आणि निरुपद्रवी असू शकतो. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात १०,००० भारतीयांचे जनुकसंच वाचले गेले आहेत, ते अशा ठिकाणी फार उपयोगी पडणार आहेत. टाइप १ आणि टाइप २ यांतला फरक ओळखण्यासाठी युरोपीय लोकांवरून बनवलेला जनुकीय गुणांक पुण्यातल्या रुग्णांवर तपासला गेला, तेव्हा त्याची पारख ०.८७ वरून ०.८४ वर आली, म्हणजे थोडीशीच घसरली. एक म्हणजे बिनचूक, अर्धा म्हणजे नाणेफेक, असे हे माप आहे. सगळेच परदेशी संशोधन आपल्याला निरुपयोगी नसते, ते इथे तपासून घ्यावे लागते.

आपला भाऊ सडपातळ आहे, सव्विसाव्या वर्षी आजार निघाला, आणि आजी, वडील व तो अशा सलग तीन पिढ्यांत मधुमेह आहे. आपल्याकडे टाइप २ मधुमेहही तरुणपणी आणि सडपातळ माणसांत होतो, खरा टाइप १ ही त्या वयात होऊ शकतो, म्हणून मी निदान इथे बसून करणार नाही. पण शंका घेण्यास पुरेसे कारण आहे. आपण केलेली लाळेची चाचणी या बाबतीत काहीच सांगू शकत नाही, कारण तिच्यात समाजात सर्रास आढळणाऱ्या ठरावीक जागा तपासतात. एचएनएफ१ए किंवा ‘जीसीके’ सारखे मोडीचे जनुक अक्षरशः वाचून त्यातली दुर्मीळ चूक शोधणे ही निराळी तपासणी आहे. भावाने आधी मधुमेहतज्ज्ञांकडे जाऊन जेवणानंतरचे सी-पेप्टाइड आणि टाइप १ मध्ये आढळणारी जीएडी व आयए-२ ही प्रतिपिंडे तपासून घ्यावीत, रोज एकूण किती युनिट इन्शुलिन लागते ते लिहून न्यावे आणि आजीला व वडिलांना कितव्या वर्षी निदान झाले, तेव्हा त्यांची वजने किती होती हेही विचारून ठेवावे. सी-पेप्टाइड चांगले आणि प्रतिपिंडे नसतील, तरच जनुक वाचून घेण्याचा खर्च करावा. तोपर्यंत इन्शुलिन एक दिवसही स्वतःहून थांबवू नये. टाइप १ असेल तर ते जिवावर बेतते.

मुलाची चाचणी आज करू नका. लाळेच्या अहवालावर ‘जास्त धोका’ असे छापून आले, तर नवव्या वर्षी त्याच्या हाती एक शिक्का येईल आणि औषधोपचारात काडीचाही फरक पडणार नाही. भावाच्या जनुकात दोष सापडला, तर मात्र प्रश्न वेगळा होईल. तो दोष वडिलांकडून आपल्याकडे आला आहे का हे आधी आपल्या रक्तावरून पाहावे लागेल, आणि आपल्यात नसेल तर मुलाला तपासण्याचे कारणच उरणार नाही. आपण स्वतः या महिन्यात उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) आणि कमरेचा घेर मोजून घ्या. स्त्रियांमध्ये घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे मानतात. आणि भावाचे जुने कागद, विशेषतः निदान झाले त्या आठवड्यातले लघवीतल्या कीटोनचे (इन्शुलिन फारच कमी पडले की शरीरात वाढणाऱ्या पदार्थांचे) अहवाल, घरात कुठे असतील तर ते शोधून ठेवा. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या एका कागदावरून पुष्कळ गोष्टींचा उलगडा होईल.